लाल रेषा, निळी रेषा आणि आपल्या घराचं जोतं

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी दुकानांच्या पहिल्या मजल्याला भिडलं. वाशिष्ठी आणि शिव नदी दुथडी भरून, वरून कोळकेवाडीमार्गे येणारं कोयनेचं अवजल आणि खाली दाभोळच्या खाडीत भरती. पाण्याला जायला वाटच नव्हती. त्याच दिवशी महाडमध्ये सावित्री आणि गांधारीने शहर बुडवलं. खेडला जगबुडी आणि राजापूरला अर्जुना-कोदवली हा तर पावसाळ्याचा नेहमीचाच हिशेब. घाटावर सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोका समजतात. २००५ मध्ये ती ५३ फुटांच्या वर आणि २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर गेली.

या सगळ्या गावांत आपली माणसं आहेत. खाडीकाठचे मोहल्ले, नदीकाठच्या गल्ल्या, बाजारातली पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं. आखातातल्या दहा-पंधरा वर्षांच्या कमाईतून बांधलेली घरंही त्यातच.

पूर ओसरला की चर्चा सुरू होते ती धरणातून पाणी कोणी सोडलं, नदीतला गाळ का काढला नाही याची. ती चर्चा हवीच. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आपल्या घराचा नकाशा मंजूर झाला तेव्हा जोत्याची उंची कुठून मोजली होती? समोरच्या रस्त्यापासून की पुराच्या पातळीपासून? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘रस्त्यापासून’ असंच मिळतं. पुराची पातळी एका खात्याच्या कपाटात असते आणि घराचा नकाशा दुसऱ्या खात्याच्या. ही दोन कागदपत्रं एकमेकांना भेटत नाहीत, त्याची किंमत घरमालक भरतो. ती भेट कशी घडवायची, नियम काय सांगतो आणि तो कुठे अडतो, हे आम्ही इथे मांडतो आहोत.

दोन रेषांचा अर्थ

महाराष्ट्रात पूररेषा आखण्याचं काम जलसंपदा खात्याचं, म्हणजे जुन्या भाषेत पाटबंधारे खात्याचं. त्याचा पाया १९८९ च्या शासकीय परिपत्रकात आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा आखायच्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. वर धरण असेल तर त्याचा विसर्गही हिशेबात धरला जातो. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल रेषा हे नियंत्रित क्षेत्र.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटलं की लोक म्हणतात, चला, २०२१ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. तसा अर्थ नाही. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. घराचं आयुष्य ३० वर्षं धरलं तर त्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के निघते. चारातली एक म्हणा. ६० वर्षं टिकणाऱ्या घरासाठी ती ४५ टक्क्यांवर जाते. निळ्या रेषेच्या पुराची ३० वर्षांतली शक्यता तर ७० टक्क्यांच्या वर आहे. निळ्या रेषेच्या आत घर बांधणारा माणूस नाणं उडवत नाही, जवळजवळ हरलेली पैज लावतो.

दुसरी चूक म्हणजे भिंतीवरच्या खुणेवर विसंबणं. २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. सांगलीत ती खूण धरून कोणी त्याच्या हातभर वर घर बांधलं असेल, तर १४ वर्षांत पाणी त्या खुणेच्या तीन फुटांहून अधिक वर गेलं. अम्मी-अब्बांनी दाखवलेली खूण खोटी नसते, पण ती शेवटची खूणही नसते.

बांधकामाचा नियम

मुंबई महानगरपालिका आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली, तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली’ लागू आहे. आर्किटेक्ट मंडळी तिला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. बांधकामासाठी कोणती जागा चालत नाही हे सांगताना ती पूररेषांचा थेट उल्लेख करते. थोडक्यात असं :

नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम बंद. चालतं ते फक्त पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, बाग, मोकळं मैदान, स्मशान आणि दफनभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन, सार्वजनिक शौचालय अशा प्रकारचं काम. या पट्ट्यात आधीपासून अधिकृत इमारत असेल तर तिचा पुनर्विकास होऊ शकतो, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला हवा. निळी ते लाल रेषा या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळते, तीही लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर. प्लॉटचा काही भाग या रेषांमध्ये गेला, तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरण्याची तरतूदही आहे. कित्येक मालकांना ती ठाऊकच नसते आणि ते निष्कारण नदीकडच्या कोपऱ्यात एक खोली काढून ठेवतात.

‘अधिकृत’ हा शब्द लक्षात ठेवा. वाडवडिलांचं घर, घरपट्टी भरतोय, वीजबिल आहे, एवढ्याने इमारत अधिकृत ठरत नाही. जुनी परवानगी, सिटी सर्व्हेचा उतारा, जुना नकाशा जे काही असेल ते शोधून, झेरॉक्स काढून वरच्या मजल्यावर ठेवा. पुरात आधी कागद जातात, मग पुनर्विकासाचा हक्क सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

खाडीकाठच्या गावांना आणखी एक रेषा लागते. चिपळूणजवळचं गोवळकोट, कालुस्ते यांसारख्या गावांत भरतीचं पाणी आत येतं, तिथे किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियमही येतात. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या पाण्याच्या खाडीला भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते अंतर धरतात. सीआरझेडमधून सुटलो म्हणजे पूररेषेतून सुटलो असं नव्हे, आणि उलटही नव्हे. दोन्ही दाखले वेगवेगळे.

अडतं कुठे

नियम कागदावर ठीक आहे. गोंधळ सुरू होतो तो लेव्हलमध्ये.

जलसंपदा खातं पुराची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतं. घराच्या नकाशावर मात्र रस्ता म्हणजे शून्य आणि जोतं म्हणजे शून्याच्या वर ६० सेंटिमीटर किंवा ९० सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं. हे दोन आकडे जोडणारा दुवा म्हणजे तलांक, ज्याची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेली आहे अशी पक्की खूण. तिथून लेव्हल मशिन लावून आपल्या प्लॉटवर उंची आणावी लागते. सर्व्हेअरचं हे साधारण एका दिवसाचं काम आहे. ते केलं नाही तर ‘लाल रेषेच्या दीड फूट वर’ या अटीला काही अर्थच उरत नाही. मिस्त्री तीन फूट जोतं बांधतो, सगळे म्हणतात व्वा, भरपूर उंच घेतलंय. आणि लाल रेषा त्या जागी रस्त्यापासून आठ फुटांवर असते.

त्यात रस्ता जागेवर राहत नाही. दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नाहीतर काँक्रीटचा थर चढतो. आज तीन पायऱ्या चढून जाता ते घर वीस वर्षांनी रस्त्याच्या बरोबरीने येतं. रस्त्यापासून मोजलेलं जोतं म्हणूनच फसवं असतं.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे, आणि इथे आमचं मत सरळ सांगतो. चिपळूण-महाडसारख्या शहरांत जुनी बाजारपेठच रेषांच्या आत येते. चिपळुणात पूररेषेवरून नागरिकांनी जोरदार आक्षेप घेतले, तो राग समजण्यासारखा होता. ज्याचं दुकान चार पिढ्या त्या जागी आहे त्याला ‘तुझं जोतं रस्त्यापासून बारा फूट वर घे’ म्हणणं म्हणजे ‘दुकान बंद कर’ म्हणण्यासारखंच. गिऱ्हाईक जिना चढून किराणा घ्यायला येत नाही. पण रेषाच पुसून टाका ही मागणीही धोक्याची आहे. रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही, फक्त पुढच्या मालकाला सावध करणारा कागद जातो. खरी मागणी असायला हवी ती रेषेच्या आत काय आणि कसं बांधता येईल, याचे स्पष्ट, मंजूर नमुने नगरपरिषदेने द्यावेत अशी. खाली खुले कॉलम, पार्किंग किंवा धुऊन निघेल असं दुकान, माल ठेवायला पक्का पोटमाळा, राहणं वरच्या मजल्यावर. आज प्रत्येक मालक हे आपापल्या अंदाजाने करतो, काही परवानगीने, काही तशीच.

जोतं उंच करायचं म्हणून मातीचा भराव टाकणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. आपल्या प्लॉटवर आपण सहा फूट भराव टाकला की जे पाणी तिथे पसरणार होतं ते शेजाऱ्याच्या अंगणात जातं. शेजाऱ्याचा हक्क आपण सगळेच मानतो, तर तो पावसाळ्यातही मानायला हवा. कॉलमवर उचललेल्या घराखालून पाणी वाहतं, कोणाचं काही बिघडत नाही.

पण कॉलमवर घर म्हटलं की भूकंपाचा विचार आला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या पट्ट्यातल्या जुन्या लोकांना आठवतो. तळमजला नुसता कॉलमचा आणि वर भिंतींनी भरलेले जड मजले, अशी इमारत हादऱ्यात खालच्या मजल्यावरच मोडते. त्यामुळे पुरासाठी उचललेलं घर भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे डिझाइन केलेलं हवं, कॉलमच्या लोखंडात काटकसर नको. दोन नियम एकत्र वाचायचे म्हणजे नेमकं हेच. आणि ताबा मिळाल्यावर त्याच खुल्या तळमजल्यात भिंती घालून भाड्याच्या खोल्या काढणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. पूर आला की पहिला बळी त्याच खोल्यांतल्या भाडेकरूंचा जातो.

अमेरिकेने हे कसं जोडलं

तिथेही सुरुवात अशीच विस्कळीत होती. १९६८ च्या कायद्याने राष्ट्रीय पूरविमा योजना आली. तिची अट अशी, की गावाने आपल्या पूरक्षेत्रातल्या बांधकामावर नियम लागू केले तरच गावकऱ्यांना तो विमा मिळेल. पूरक्षेत्राचे नियम एका बाजूला आणि बांधकामाची संहिता दुसऱ्या बाजूला, अशी दोन पुस्तकं बराच काळ वेगळी चालली. इंजिनिअरांच्या संस्थेने पूरप्रतिरोधक बांधकामाचं मानक काढलं आणि २००० पासूनच्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितांत पुराच्या तरतुदी आतच गुंफल्या गेल्या. त्यामुळे परवाना देणारा अधिकारी एकच पुस्तक उघडून पूर, वारा आणि भूकंप एकत्र तपासू शकतो. तरीही तिथे पुराचं नुकसान थांबलेलं नाही, जुनी घरं असंख्य आहेत. पण तिथल्या तीन गोष्टी आपल्याला उचलण्यासारख्या वाटतात.

पहिली, उंचीची तपासणी दोनदा होते. सर्वांत खालचा मजला टाकल्यावर, पुढचं बांधकाम चढवण्याआधी, सर्व्हेअरने मोजलेली प्रत्यक्ष उंची द्यावी लागते. मग काम संपल्यावर पुन्हा. आपल्याकडे जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे दोन टप्पे आधीच आहेत. फक्त त्यात समुद्रसपाटीपासूनची लेव्हल लिहिण्याची सक्ती हवी.

दुसरी, अर्ध्या किमतीचा नियम. पूरक्षेत्रातल्या इमारतीची दुरुस्ती किंवा सुधारणा तिच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा जास्त खर्चाची असेल, तर ती नव्या इमारतीसारखी धरतात आणि पूरनियम पूर्ण पाळावे लागतात. आपल्याकडे पुरानंतर प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या यांना वेगळी परवानगी लागत नाही. ते योग्यही आहे, बुडालेल्या माणसाला आणखी कागद कशाला. पण त्यामुळे लाखो रुपये घालून घर पुन्हा त्याच उंचीवर, त्याच ठिकाणी वीजमीटर ठेवून उभं राहतं.

तिसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटते. पुराच्या पातळीखालच्या बंदिस्त जागेच्या भिंतींना पाणी आत-बाहेर होण्यासाठी भोकं ठेवायची, दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच. कारण भिंत पडते ती पाण्याच्या रेट्याने. बाहेर एक मीटर पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा येतो. पाणी दोन मीटर झालं की तोच रेटा दोन टन, म्हणजे चौपट होतो. दाराला फळ्या आणि वाळूची पोती लावून गुडघाभर पाणी अडवता येतं. पुरुषभर पाणी अडवायला गेलात तर भिंतच आत येईल.

घरात आजही करता येईल ते

नवं घर बांधणार नसलात तरी पुढच्या दुरुस्तीत काही बदल जमतात. वीजमीटर, मेन स्विच आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर किंवा निदान माहीत असलेल्या सर्वांत वरच्या खुणेच्या वर न्या. मीटर हलवायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो, स्वतः हात लावू नका. तळमजल्याचं वायरिंग छतातून खाली आणा, जमिनीतून वर नको, आणि त्याचा सर्किट ब्रेकर वेगळा ठेवा. तळमजल्यावर प्लायवूड आणि जिप्समचं काम नको, ते एकदा भिजलं की फेकायचंच. जांभ्याचा चिरा टिकतो, पण मातीत रचलेली जुनी भिंत पाण्यात सांधे सोडते, तिथे सिमेंटने दरजा भरून घ्या. संडासाच्या लाइनला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर नदीच्या आधी गटार घरात येतं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं तोंड उंच आणि झाकण घट्ट हवं. आणि वरच्या मजल्यावरून गच्चीवर जाणारा जिना आतून हवा. बाहेरून असलेला जिना नेमका त्या रात्री उपयोगाचा राहत नाही.

मशीद, मदरसा, कब्रस्तान

पुराच्या काळात मोहल्ल्यातली मशीद आणि मदरसा ही निवाऱ्याची जागा होते. म्हणूनच त्यांचं जोतं, जिना आणि वरचा मजला हा फक्त जमातीचा प्रश्न राहत नाही, आजूबाजूच्या सगळ्यांचा होतो. जुन्या मशिदीचं नवं बांधकाम काढताना विश्वस्तांनी नकाशाच्या आधी लाल रेषेची पातळी मागवावी. इमारत निळ्या रेषेच्या आत आणि अधिकृत असेल तर वर सांगितलेली पुनर्विकासाची वाट उघडी आहे. मदरशात मुलं रात्री झोपतात तो मजला कुठला, हे पावसाळ्याआधी पाहून घ्या. वक्फचे दस्तऐवज, निकाहची रजिस्टरं आणि हिशेबाच्या वह्या तळमजल्याच्या कपाटात नकोत.

दफनभूमी निळ्या रेषेच्या आत चालते, म्हणून नदीकाठची जमीन कब्रस्तानाला देऊ केली जाते. ती घेण्याआधी पावसाळ्यात पाच-सहा फुटांवर पाणी लागतं का ते खड्डा खणून पाहा. आणि कुंपण म्हणून सलग उंच भिंत बांधू नका. ती पाणी अडवते, वरच्या वस्तीत फुगवटा आणते आणि शेवटी स्वतः पडते. जाळीचं कुंपण बरं.

प्लॉट घेताना किंवा नकाशा टाकताना

सातबाऱ्यावर पूररेषा लिहिलेली नसते. ‘एनए आहे, टायटल क्लिअर आहे’ हे दलालाचं वाक्य खरं असूनही प्लॉट लाल रेषेच्या आत असू शकतो. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि विकास योजनेच्या नकाशाचा भाग घ्या. त्यावर रेषा नसतील तर जलसंपदा खात्याच्या त्या नदीच्या कार्यालयात अर्ज द्या. उत्तर मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. घराचा निर्णय आखातातून फोनवर होत असेल तर टोकन देण्याआधी या दाखल्यांचे फोटो मागवा, घराच्या थ्रीडी चित्राचे नंतर.

अर्जात मोघम ‘पूररेषेची माहिती द्यावी’ लिहू नका, तसंच मोघम उत्तर येतं. गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक द्या आणि नेमकं विचारा : या जागी निळ्या आणि लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आहे, रेषा कोणत्या वर्षी आखल्या, २०१९ आणि २०२१ नंतर त्या सुधारल्या का, आणि जवळचा तलांक कुठे व किती उंचीचा आहे. आलेला आकडा आर्किटेक्टला देऊन नकाशावर जोत्याच्या शेजारी लिहून घ्या. जोतं भरून झालं की स्लॅबच्या आधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवा आणि त्याने मोजलेली लेव्हल सही-शिक्क्यासह मंजुरीच्या फाइलला लावा.